उपसा

विहिरीत नुसते डोकावून पाहून तिच्या पाण्याची जात सांगणारी माणसे आता फारशी उरली नाहीत. त्या माणसांच्या बोलण्यात 'उपसा' हा शब्द वारंवार येत असे. ज्या विहिरीला उपसा आहे तिचे पाणी निर्मळ. आणि जिच्यावरची मोट थांबली तिच्यावर थोड्याच दिवसांत हिरवी साय धरावयाची व गावातील पोरे तिच्याकडे फिरकेनाशी व्हावयाची. मोट चालू असली म्हणजे जुने पाणी पाटाने मळ्यात जाई व झऱ्यांवाटे नवे पाणी आत येई. मोट किती वेळ चालवावी हे अर्थातच पोहणाऱ्यांच्या सोयीने ठरत नसे. उसाला पाणी किती हवे आणि बैलांत दम किती, यांवर ते ठरे. पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून उड्या घेणाऱ्या पोरांना स्वच्छ पाणी लाभे ते उसाच्या पुण्याईने!

शहरातील पोहण्याच्या तलावाला झरा नाही आणि त्याच्या पाण्याची वाट पाहणारा ऊसही नाही. तेच पाणी महिनोन् महिने त्याच चार भिंतींत असते. एक पंप ते तळातून व काठावरून ओढतो, वाळूच्या गाळणीतून दाबून काढतो आणि पुन्हा तलावातच आणून सोडतो. मोट आणि झरा ही दोन्ही कामे त्या एका यंत्राकडे आली आहेत. मात्र ते किती वेळ चालवावे हे सांगावयास बैल दमत नाही. ते कोणीतरी ठरवावे लागते. आणि जेथे शंभर कुटुंबे एका तलावाचे मालक असतात तेथे ते शंभर कुटुंबांनी ठरवावे लागते.

पुण्यातील ज्या सोसायटीत आम्ही राहतो तेथे हा प्रश्न गेल्या वार्षिक सभेपुढे आला. निवृत्त माणसाजवळ वेळेवाचून दुसरे काहीच नसते अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. तदनुसार सर्व बाजूंचा विचार करून अहवाल देण्याचे काम आमच्याकडे आले. निवळीच्या बीने पाणी स्वच्छ होत असले तरी नुसते तिचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, अशा आशयाचे एक वचन मनुस्मृतीत आहे. उपसमित्यांविषयीही मनूने काही लिहिले असते तर ते बहुधा असेच असते. तथापि सोपविलेले काम टाळणे आमच्या स्वभावात नाही, म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमचा तलाव वीस मीटर लांब व आठ मीटर रुंद असून त्याची सरासरी खोली सव्वा मीटर आहे. म्हणजे पाणी झाले दोन लाख लिटर. पंप पाच अश्वशक्तीचा. गाळणी स्वच्छ असली तर तो ताशी चाळीस हजार लिटर पाणी फिरवितो. तासाला वीज खर्च होते सुमारे चार युनिट. आजवर तो रोज दहा तास चालत आला आहे. युनिटामागे दहा रुपये धरले तर महिन्याचे बारा हजार, म्हणजे घरटी एकशे वीस रुपये. खजिनदारांची सूचना अशी की, पंप चारच तास चालवावा; त्यामुळे घरटी बहात्तर रुपये वाचतील. बहात्तर रुपयांकरिता सुशिक्षित माणसे दीड तास भांडली असे कोणी म्हणेल, पण आम्हांस त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. जन्मात पाण्यात न उतरलेले एक वृद्ध गृहस्थ सभेत उभे राहून म्हणाले, "दुसऱ्यांच्या नातवंडांच्या डुंबण्याचा खर्च मी का सोसावा?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही, आणि ते देणे सोपेही नाही. शेजारधर्माच्या गोष्टी सांगून पेन्शनीतला पैसा मागता येत नाही. दुसऱ्या बाजूने एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, पंप अहोरात्र चालू असावा. नाहीतर तलाव बंद करावा.

दोन लाख लिटर पाणी आणि ताशी चाळीस हजार, तेव्हा पाच तासांत सर्व पाणी एकवार गाळले जाते, असा हिशेब सभेत सहज मांडला गेला व सर्वांना पटला. हा हिशेब खोटा आहे. हंड्यातील पाणी फडक्यातून गाळून कळशीत ओतले तर हंडा रिकामा होताच सर्व पाणी गाळले गेले असे म्हणता येते. पण गाळलेले प्रत्येक भांडे पुन्हा त्याच हंड्यात ओतीत गेले तर काय होईल, हे कोणत्याही गृहिणीस विचारावे. गाळलेले व न गाळलेले पाणी एकमेकांत मिसळणार, आणि पुढच्या खेपेस फडक्यावर काही भाग आधीच गाळलेला येणार. तलावाचे असेच होते. गेज व बिडवेल या दोघांनी पोहण्याच्या तलावांच्या बाबतीत हा नियम फार पूर्वीच मांडून ठेवला आहे. पाणी चांगले मिसळते असे धरले तर पहिल्या पाच तासांनंतर शेकडा सदतीस भाग पाण्याने गाळणीचे तोंडही पाहिलेले नसते. दहा तासांनंतर असे पाणी उरते शेकडा साडेतेरा, पंधरा तासांनंतर पाच. पहिल्या पाच तासांची कमाई मोठी, दुसऱ्या पाचांची बेताची, आणि पुढे पुढे वीज तेवढीच जाऊन हाती अगदी थोडे लागते. डॉक्टरीणबाईंच्या सूचनेतील खर्चाची बाजू येथे उघडी पडते.

खजिनदारांच्या सूचनेचे काय होते तेही पाहावे. चार तासांत शेकडा पंचेचाळीस भाग पाणी न गाळलेले राहते. त्यातील घाण दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर चढते, त्यात त्या दिवसाची नवी घाण पडते, पुन्हा तिचा पंचेचाळीस टक्के भाग तिसऱ्या दिवसावर जातो. रोज सारखीच माणसे पोहली आणि गाळणीने अगदी चोख काम केले, तरी काही दिवसांनी पाण्यातील घाणीचा भार एका दिवसाच्या घाणीच्या एक दशांश आठ पट होऊन बसतो. दहा तासांच्या हिशेबाने तो जेमतेम सव्वापटीच्या आतच राहतो. ज्या खजिनदारांना सभासदांच्या थकबाकीचा एवढा तिटकारा त्यांना ही थकबाकी दिसू नये, याचे आम्हांस नवल वाटले. आम्ही त्यांना हे त्यांच्याच भाषेत सांगितले, तेव्हा त्यांनी आमच्याकडून तो कागद मागून घेतला.

परंतु गाळणी हे पंपाचे अर्धेच काम. वाळूला केर, गाळ, केस सापडतात. सूक्ष्म जंतूंपैकी पुष्कळसे तिच्यातून निसटतात. त्यांच्यासाठी क्लोरीन असते, आणि ते तलावाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचविणे हेही पंपाचेच काम आहे. क्लोरीन येण्यापूर्वी इंग्लंडातील सार्वजनिक स्नानगृहांत पाणी भरले त्या दिवशी दर अधिक व जसजसे पाणी मळेल तसतसा तो उतरत जाई, अशी पद्धत कित्येक ठिकाणी होती. गरिबांनी मळक्या पाण्यात पोहावे असा त्याचा सरळ अर्थ. विसाव्या शतकात क्लोरीन व गाळणी आल्यावर ही भानगड मिटली, पण क्लोरीनचेही काही नखरे आहेत. भर उन्हात, संरक्षक द्रव्य नसेल तर, ते काही तासांत बहुतेक नाहीसे होते. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा एक जंतू तर नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यातही आठवड्याहून अधिक काळ जिवंत राहतो. शिवाय तलावावर जो उग्र वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्याचा, असा जो सर्वांचा समज आहे तो उलटा आहे. घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जी द्रव्ये होतात त्यांचा तो वास. "फार औषध मारता बुवा तुम्ही!" म्हणून पंप चालविणाऱ्या माणसावर जे डाफरतात त्यांनी आपली मुले पाण्यात उतरण्यापूर्वी कोठे जाऊन आली होती, याची आधी चौकशी करावी.

सभेत एक आजोबा म्हणाले, "आम्ही विहिरीत पोहलो. आम्हांला कोठे होते क्लोरीन? काय झाले आम्हांला?" त्यांना काही झाले नाही हे सभेपुढे प्रत्यक्ष दिसतच होते. पण ज्यांना झाले ते सभेस कसे येणार? पायऱ्यांच्या विहिरींतून नारू पसरत असे. नारूच्या फोडाची आग शमविण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवी, किड्याची पिले पाण्यात सुटत, ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात जात आणि तेच पाणी दुसरे लोक पीत. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग होता. त्याच्या निर्मूलनासाठी १९८३ पासून राष्ट्रीय पातळीवर मोहीम चालली, देशातील शेवटचा रोगी १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या मोहिमेतील एक काम पायऱ्यांच्या विहिरी बंद करण्याचे, अर्थात् माणसाचा पाय पिण्याच्या पाण्यास लागू न देण्याचे होते. विहिरीवर आमचेही प्रेम आहे. पण त्या प्रेमाखातर नारू विसरावा असे आम्हांस वाटत नाही.

या सर्व वादात एक गोष्ट कोणीच बोलले नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत मोठी आहे. पाणी गढूळले की तळ दिसत नाही. खोल बाजूस तळाशी पाणी ओढणारी जाळी असते. काठावर उभे राहून ती स्पष्ट दिसत नसेल तर तलाव त्या क्षणी बंद करावा, असा नियम ठिकठिकाणी आहे. का, ते उघड आहे. बुडणारे मूल ओरडत नाही. ते मुकाट्याने खाली जाते, आणि पाणी दुधट असेल तर चार हातांवर बसलेल्या माणसालाही ते दिसत नाही. संध्याकाळी सहा वाजता चाळीस मुले एकदम पाण्यात असतात, तेव्हा हा विचार मनात आणून पाहावा. घरटी बहात्तर रुपयांच्या समोरच्या पारड्यात हे आहे. ज्या वृद्ध गृहस्थांनी सभेत प्रश्न विचारला होता त्यांच्याशी आम्ही जिन्यात याविषयी बोललो. ते काही वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "हे तुम्ही सभेत बोलायला हवे होते. मग मी बसलो असतो खाली."

तेव्हा तास किती? पुस्तकी उत्तरे पुष्कळ आहेत. अमेरिकेत घरगुती तलावांसाठी एक गमतीचा ठोकताळा सांगतात: हवेचे फॅरनहाइट तपमान घ्यावे, त्यास दहाने भागावे, भागाकार येईल तितके तास पंप चालवावा. पुण्याच्या एप्रिलातील अडतीस अंशांचे शंभर फॅरनहाइट होतात. म्हणजे दहा तास. तलाव केवढा, पंप केवढा, त्यात एक दांपत्य पोहते की एक अख्खी शाळा, याची त्या सूत्राला गरजच नाही! सार्वजनिक तलावांचा पंप मात्र अनेक देशांत अहोरात्र चालू ठेवावा लागतो. आमचा तलाव घरगुती की सार्वजनिक? कागदोपत्री तो खाजगी आहे. उन्हाळ्याच्या सुटीतील रविवारी तो कोणत्याही सार्वजनिक तलावाच्या तोडीचा असतो. आणि डिसेंबरातील मंगळवारी सकाळी त्यात एक निवृत्त कर्नल आणि एक बेडूक यांच्याखेरीज कोणी नसते. वर्षभर एकच आकडा हवा हा हट्टच आम्हांस मुळात चुकीचा वाटतो.

हे आम्हांस पुस्तकांहून अधिक स्पष्टपणे समजले ते आमच्या पंपवाल्याकडून. तो सोलापूरकडचा, लहानपणी त्याने विहिरीवर इंजिने चालविलेली आहेत. पंपघरात आम्ही त्याला विचारले, "तुमच्या मते किती तास पुरेत?" त्याने आमच्या हातातील कागदाकडे पाहिले व म्हणाला, "साहेब, तासाचं काय घेऊन बसलात! आधी हा काटा बघा." गाळणीवर दाब दाखविणारा काटा असतो. वाळूत घाण साचली म्हणजे दाब चढतो व पाणी कमी फिरू लागते. स्वच्छ गाळणीच्या वेळच्या दाबाहून काटा अर्धा-पाऊण किलो वर गेला की गाळणीतून उलटे पाणी सोडून ती धुवावी लागते. म्हणजे चोंदलेल्या गाळणीचा तास हा तास नव्हेच. आमचे ताशी चाळीस हजार लिटर गाळणी धुतल्याच्या दिवशी खरे, आणि पुढे रोज थोडे थोडे खोटे. आमच्या कागदावरील सुबक हिशेबाला हा माणूस एका बोटाने सुरुंग लावून मोकळा झाला.

"मग धुवा की रोज," असे म्हणण्याचीही सोय नाही. एकदा गाळणी धुवावयास दोन-तीन हजार लिटर पाणी गटारात जाते. मे महिन्यात उन्हाने तलावाचे रोज हजारांहून अधिक लिटर पाणी उडते ते वेगळेच, आणि त्याच दिवसांत सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचे टँकर उभे असतात. पण येथेही काटकसरीचे तोंड उलट दिशेस आहे. पंपाचे तास कापल्यामुळे पाणी एकदा हाताबाहेर गेले, हिरवे झाले व ते सर्व सोडून द्यावे लागले, तर दोन लाख लिटर म्हणजे दहा हजारी वीस टँकर. खजिनदारांना दुसरा कागद द्यावा लागला नाही. हा हिशेब त्यांनी मनातल्या मनातच केला.

पंप केव्हा चालवावा हाही प्रश्न तासांइतकाच महत्त्वाचा आहे. रात्री वीज स्वस्त, म्हणून पंप रात्री चालवावा, असे एक तरुण सभासद आग्रहाने म्हणत होते. पण रात्री पाण्यात कोणी नसते, ऊन नसते. आणि ज्या वेळी चाळीस मुले पाणी ढवळीत असतात त्या वेळी पाणी निजलेले! शिवाय स्वस्त रात्रीची ही गोष्टही जुनी होत चालली आहे. सूर्यप्रकाशापासून वीज होऊ लागल्यामुळे दिवसाच तिची रेलचेल असते. २०२३ साली केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी दिवसाच्या तासांत दर कमी व मागणीच्या ऐन वेळी अधिक, अशी दिशा घालून दिली आहे. पोहणाऱ्यांची सोय आणि विजेचा दर यांची दुपारच्या वेळी अशी गाठ पडावी, हे आमच्या तलावाचे भाग्यच म्हणावयाचे.

पावसाळ्यात तर कोणीच पोहत नाही, तेव्हा पंप साफ बंद ठेवावा, ही सूचना वरवर निरुत्तर करणारी आहे. पण पुण्याच्या पावसाळ्यात निपचित पडलेले स्वच्छ पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात. पाऊस क्लोरीन पातळ करतो, काठावरची माती व पाने आत आणतो. आणि गणपतीच्या सुमारास तलाव उघडावयास जावे तो शेवाळाचे रान माजलेले. थोडा का होईना, उपसा पाहिजेच.

शेवटी आम्ही सुचविले ते असे. उन्हाळ्याचे चार महिने बारा तास, पावसाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. वेळा पोहण्याच्या वेळांना धरून. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ मिळून दोन हप्ते. वर्षाची सरासरी पडते आठ तास, म्हणजे घरटी शहाण्णव रुपये. पूर्वीपेक्षा चोवीस रुपये कमी, आणि भर हंगामात न गाळलेले पाणी शेकडा नऊपर्यंत खाली. पण हे आकडे पंपवाल्यावर बंधनकारक नाहीत. सकाळी जाळी धूसर दिसली, काटा चढला, किंवा आदल्या दिवशी कोणाच्या वाढदिवसानिमित्त तलाव गजबजला, तर त्याने आपल्या अक्कलहुशारीने तास वाढवावेत व वहीत नोंद करावी. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. या कलमावर सर्वांत अधिक चर्चा झाली. महिन्याला लाख-लाख रुपयांच्या जबाबदाऱ्या वाहणाऱ्या गृहस्थांना पगारी माणसाच्या हाती तीन तासांच्या विजेचा अधिकार देताना फार जड गेले. अखेर कलम मंजूर झाले, 'सेक्रेटरींना कळवून' ही पुस्ती जोडून.

दुसरी सूचना वेगाची. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे फिरते, पण शक्ती लागते ती एक अष्टमांश. म्हणजे तितकेच पाणी दुप्पट वेळात फिरविले तर वीज चौथाईवर येते. हा शास्त्राचा हिशेब. प्रत्यक्षात मोटारीची व नळांची तूट धरून त्याहून कमी बचत होते, तरीही ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. वेग बदलणारे यंत्र बसवून पंप दिवसरात्र सावकाश चालवावा, गाळणी धुताना व गर्दीच्या वेळी तेवढा पूर्ण वेग द्यावा, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे चोवीस तास आणि खजिनदारांचे बिल या दोहोंचा मेळ बसेल. त्याची दरपत्रके मागविली आहेत.

तिसरी सूचना फुकटची होती: पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने साबण लावून अंग धुवावे. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय उंबरठा न ओलांडणारी आमची माणसे. पण घामेजलेल्या अंगाने तलावात शिरताना त्यांना काहीच वाटत नाही. शॉवर दोन आहेत, त्यांपैकी एक बंद. तो दुरुस्त करण्याचा खर्च पंपाच्या एका दिवसाच्या विजेइतकाही नाही असे प्लंबर सांगतो, आणि तरीही तो अजून बंदच आहे.

राहता राहिला बाळांचा तलाव. मोठ्या तलावाला लागून गुडघाभर पाण्याचा एक लहानसा हौद आहे, आणि त्याला पाणी मोठ्याच पंपाच्या एका फाट्यावरून येते. त्यात पाणी सर्वांत थोडे, त्यामुळे ते उन्हाने सर्वांत लवकर तापते. लंगोट नेसलेली मुले त्यातच बसतात आणि पाणी गिळतातही तीच. आमच्या साऱ्या हिशेबात मोठ्या तलावाचेच पाणी धरलेले आहे. या हौदाचे पाणी दिवसातून अनेक वेळा पालटले पाहिजे, आणि फाट्याची चावी अर्धवट गंजलेली आहे. वेगळा छोटा पंप बसविण्याचा ठराव आम्ही लिहून दिला आहे. तोवर पंपवाला रोज सकाळी सहा वाजता ती चावी पान्याने पूर्ण उघडतो, आणि मोठ्या तलावाच्या वाट्याचे थोडे पाणी तिकडे वळवितो.